विंचवाचे बिऱ्हाड आणि विम्याचा कागद

१

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपल्याकडच्या मराठी घरांतून जितक्या सहजपणे उच्चारली जाते, तितकी ती क्वचितच अन्यत्र उच्चारली जात असेल. त्याला कारणही तसेच आहे. धारवाड-हुबळीकडील आपल्या घराण्यांपैकी कोणी पटवर्धनांच्या फौजेबरोबर आले, कोणी वतनाच्या निमित्ताने, कोणी व्यापारासाठी, तर कोणी रेल्वेच्या कारखान्यातील नोकरीसाठी. पुढे येथेच रुजले, कानडी शेजाराने समृद्ध झाले. पण आपण मूळचे बिऱ्हाड उचलून आलेले लोक आहोत, ही जाणीव काही पुसली गेली नाही. विशेष म्हणजे ‘बिऱ्हाड’ हा शब्दच कानडी ‘बिडार’ या शब्दाचा सोयरा आहे. उतरण्याचे तात्पुरते ठिकाण, मुक्कामाचे स्थान, असा त्याचा अर्थ. म्हणजे आपल्या स्थलांतराचे नावही आपण याच भूमीकडून घेतले.

हे सारे आठवण्याचे निमित्त मात्र अगदी गद्य आहे. आमच्या एका आप्तांच्या चिरंजिवांनी जुना छोटा ट्रक विकत घेतला आणि गोकुळ रोडवरील एका कारखान्यात त्याच्या हौद्यावर दोन बाके, लहानशी शेगडी, पाण्याची टाकी आणि झोपण्याची फळी असलेली खोली बसवून घेतली. सुट्टीत कुटुंबासह कोकणात, गोव्यात, हंपी-बदामीकडे हिंडावे, हॉटेलांच्या मागे लागू नये, असा त्यांचा बेत होता. बेत उत्तम होता. परंतु विमा उतरवावयास गेले तेव्हा अर्ज परत आला. वाहनाचा प्रकार ‘मालवाहू’ आणि वापर ‘कुटुंबाचा मुक्काम’, हे दोन रकाने एकमेकांशी जुळेनात. चिरंजीव आमच्याकडे येऊन म्हणाले, “काका, गाडीचा विमा होईल हो, पण आतल्या माणसांना कुठल्या कलमात बसवायचं, ते कुणी सांगेना.”

वरकरणी हा प्रश्न एका हौशी कुटुंबाचा आहे. थोडे मागे वळून पाहिले, तर ध्यानात येते की चाकांवर राहणाऱ्या माणसाला विम्याच्या कागदावर जागा कोठे, हा प्रश्न फार जुना आहे आणि त्याची किंमत हौशी प्रवाशांनी नव्हे, तर पोटासाठी फिरणाऱ्यांनी मोजली आहे. त्या इतिहासाचा थोडा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न.

२

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘विमा’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत ‘बीम’ म्हणजे भीती. जोखमीचे भय दुसऱ्याने काही मोबदला घेऊन आपल्या शिरावर घ्यावे, ही कल्पना इंग्रजी कंपन्यांनी येथे आणली असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस सुजान राय याने लिहिलेल्या ‘खुलासत-उत-तवारीख’ या फारसी ग्रंथात सराफांच्या हुंडी-व्यवहाराबरोबर मालाच्या विम्याचाही उल्लेख येतो. वाटेत चोर-दरोडेखोर, नद्यांचे पूर, संस्थानांच्या जकाती. या साऱ्यांतून माल इच्छित स्थळी पोहोचविण्याची हमी सराफ घेत आणि जोखमीच्या मानाने दर ठरवीत. म्हणजे विम्याची कल्पना आपल्या पेठांना ओळखीची होती. एक गोष्ट मात्र तेव्हापासूनच स्पष्ट दिसते: विमा मालाचा होता, माल नेणाऱ्या माणसाचा नव्हता.

माल नेणारी माणसे कोण, हे आपल्या भागाला सांगावयास नको. वंजारी आणि लमाणी तांडे ही त्या काळची मालवाहतूक व्यवस्था होती. हजारो बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून निघालेला तांडा म्हणजे नुसती वाहतूक नव्हे. ते चालते गाव होते. बायका-मुले, म्हातारी माणसे, कुत्री, भांडीकुंडी सारे त्यांतच. जेथे गोण्या उतरविल्या जात तेथेच चुली पेटत. आज ज्याला वाहन आणि घर एकत्र असणे म्हणतात, ते या लोकांच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्यांचे वास्तव होते.

या फिरत्या बाजाराचे महत्त्व आपल्या इतिहासात एके ठिकाणी ठळकपणे उमटले आहे. परशुरामभाऊ पटवर्धनांनी १७९१ च्या एप्रिलमध्ये धारवाडचा किल्ला टिपूच्या सरदाराकडून घेतला आणि त्यानंतर मराठी फौज श्रीरंगपट्टणाकडे गेली. तेथे मे महिन्याच्या अखेरीस लॉर्ड कॉर्नवॉलिसचे इंग्रजी सैन्य उपासमारीने हैराण होऊन माघार घेत होते. मराठ्यांच्या लष्कराबरोबर चालणारा बाजार भेटला म्हणून ते सैन्य वाचले. पुढे १८०० साली धोंड्या वाघाचा पाठलाग करताना आणि १८०३ च्या मराठा युद्धात आर्थर वेलस्ली यानेही तांड्यांच्याच बळावर रसद चालू ठेवली. त्याच्या पत्रव्यवहारात ‘ब्रिंजारी’ लोकांचे उल्लेख वारंवार येतात. बैल किती, गोण्या किती, दर काय, याचा हिशेब होई. वाटेत माणूस दगावला तर त्याच्या कुटुंबाचे काय, या प्रश्नाला मात्र हिशेबात रकाना नव्हता. तांडाच आपल्या माणसाला सांभाळी.

३

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. सदर्न मराठा रेल्वे आली. तिचे मुख्य कार्यालय धारवाडात आणि कारखाना हुबळीत (१८८५). कित्येक मराठी कुटुंबांचा या गावांशी संबंध येथूनच जडला. लोहमार्गाने तांड्यांचा व्यवसाय बुडविला, परंतु दुसऱ्या एका फिरत्या संसाराला मात्र बळ दिले. तो संसार म्हणजे आपल्या नाटक मंडळ्या.

मराठी रंगभूमी आणि हा प्रदेश यांचे नाते वाचकांना ठाऊकच आहे. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ उभे केले. ‘शाकुंतल’ (१८८०) लिहून संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. मराठी रंगभूमीवर गाजलेले सवाई गंधर्व हुबळीजवळच्या कुंदगोळचे. या मंडळ्यांचा मुक्काम हलतो म्हणजे एक वस्तीच हले: पडदे, झालरी, दागिन्यांच्या पेट्या, तबले-ऑर्गन, मुदपाकखान्याची भांडी, आचारी, नट, शिकाऊ मुले. मुक्कामाच्या गावी जे घर मिळे, त्यालाही ‘कंपनीचे बिऱ्हाड’ असेच म्हणत.

या सामानाच्या जोखमीचा विचार कायद्याने केलेला होता. १८६५ च्या वाहतूकदारविषयक कायद्याने रस्त्याने माल नेणाऱ्या धंदेवाईक वाहतूकदारावर मालाची जबाबदारी टाकली. परंतु रेशीम, जरीचे कापड, काचसामान, दागिने अशा परिशिष्टातील वस्तू शंभर रुपयांहून अधिक किमतीच्या असतील, तर त्यांचे स्वरूप व किंमत आधी जाहीर केली पाहिजे, अशी अट घातली. नाटक कंपनीचे अर्धे वैभव याच यादीत बसत होते! रेल्वेकडेही दोन प्रकारचे दर असत: एक रेल्वेच्या जोखमीचा आणि दुसरा, थोडा स्वस्त, मालकाच्या जोखमीचा. स्वस्त दराच्या मोहाने जोखीमपत्रावर सही केली, की वाटेत पडदा फाटला किंवा पेटी भिजली तरी बहुतेक वेळा बोलण्याची सोय उरत नसे. ही स्थिती बराच काळ टिकली. १ जानेवारी १९६२ पासून रेल्वेची जबाबदारी वाढविण्यात आली, आणि १८६५ चा कायदा तर २००७ चा नवा कायदा २०११ मध्ये अमलात येईपर्यंत चालूच होता.

येथेही तेच सूत्र दिसते. पडद्याला दर होता, पेटीला पावती होती. माणसाचे काय? रेल्वेच्या डब्यात तो तिकीट काढलेला उतारू होता, एवढेच त्याचे संरक्षण. पण निदान उतारू आणि माल हे दोन स्वतंत्र डबे होते. कोणाला कोठल्या वर्गात घालावयाचे, याविषयी संभ्रम नव्हता. तो संभ्रम मोटार-ट्रकने निर्माण केला.

४

मोटारींची संख्या वाढली तसा रस्त्यावरील तिऱ्हाईत माणसाचा प्रश्न पुढे आला. मोटारवाल्याने एखाद्या पादचाऱ्याला उडविले आणि त्याच्यापाशी भरपाई देण्याची ऐपतच नसेल, तर न्यायालयाचा हुकूमनामा घेऊन त्या कुटुंबाने करावयाचे काय? इंग्लंडने १९३० च्या कायद्याने तिऱ्हाईताच्या विम्याची सक्ती केली. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तशी तरतूद झाली, परंतु विम्यासंबंधीचे प्रकरण प्रत्यक्षात १ जुलै १९४६ पासून अमलात आले. गाडी वापरणाऱ्याच्या इच्छेवर न सोडता समाजाने त्याच्यावर लादलेला हा विमा होय. आपल्या सामाजिक कायद्यांच्या इतिहासात या तारखेचे महत्त्व फारसे सांगितले जात नाही. ते सांगितले पाहिजे.

मात्र ‘तिऱ्हाईत’ कोण? रस्त्यावरचा पादचारी तिऱ्हाईत, हे उघड आहे. बसमधील उतारूसाठीही तरतूद होती. पण मालाच्या ट्रकमध्ये मालावर बसलेला माणूस कोण?

महायुद्धानंतरच्या काळात हा माणूस आपल्या रस्त्यांवर सर्वत्र दिसू लागला. तंबू टॉकीजवाले प्रक्षेपण-यंत्र, तंबू आणि रिळांच्या पेट्या ट्रकवर घालून जत्रांमागून जत्रा करीत. कामगार दिवसा तंबू ठोकीत आणि रात्री खेळ संपला की गाडीतच किंवा गाडीखाली झोपत. या जगाच्या अखेरच्या दिवसांचे चित्रण २०१६ च्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात आले असून महाराष्ट्रातील फिरत्या चित्रपटगृहांचे ते ट्रक त्यात पाहावयास मिळतात. तमाशाच्या फडांचेही तसेच. नारायणगावला सुपारी ठरली, की चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रांतून फडाच्या गाड्या रात्रीचा दिवस करीत धावत. आपल्या बाजूला बदामीच्या बनशंकरीच्या जत्रेत कानडी नाटक कंपन्या येत. आणि सौंदत्ती! धारवाडपासून सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या रेणुका-यल्लम्माच्या डोंगरावर कोल्हापूर-सांगलीकडील मराठी भाविक पूर्वी बैलगाड्यांनी आणि पुढे ट्रक भरभरून येऊ लागले. हौद्यात गवत, त्यावर सतरंज्या, कडेला पाण्याची घागर आणि नैवेद्याच्या शिध्याची पोती. यात्रा संपेपर्यंत तो ट्रक हेच त्यांचे घर.

१९३९ च्या कायद्याने मालवाहू वाहनाची जी व्याख्या केली होती, तीत केवळ मालच नव्हे, तर उतारूंबरोबर माल नेणाऱ्या गाडीलाही जागा होती. ट्रकवर बसून जाणाऱ्यांना भरपाई विमा कंपनीने द्यावी की नाही, यावर निरनिराळ्या उच्च न्यायालयांत दीर्घकाळ मतभेद राहिले. कर्नाटक उच्च न्यायालयातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ च्या अखेरीस या जुन्या कायद्यापुरता निर्णय दिला: भाडे देऊन मालट्रकमध्ये बसलेल्या माणसासाठी, मग तो मालाचा मालक का असेना, सक्तीचा विमा लागू नाही.

तोपर्यंत नवा कायदा आलेला होता. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याने मालवाहू गाडीची व्याख्या ‘केवळ’ माल नेण्यासाठी बांधलेली अशी आवळली. या एका ‘केवळ’ शब्दाने पुढे किती घरांचे भवितव्य ठरविले! संसदेला मालाच्या मालकाची अडचण जाणवली, म्हणून १४ नोव्हेंबर १९९४ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने गाडीतून प्रवास करणाऱ्या ‘मालाच्या मालकाला किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीला’ विम्याच्या छत्राखाली घेण्यात आले. बाजारात कांदा वा मिरची घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याला त्यामुळे आधार मिळाला. हुबळीच्या मार्केटयार्डात येणाऱ्या कितीतरी शेतकऱ्यांचा यात समावेश होतो.

परंतु मालाचा मालक नसलेला, नुसता बसलेला माणूस? १९९९ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने नव्या कायद्याचा उदार अर्थ लावला आणि अशा प्रवाशाचीही भरपाई विमा कंपनीने द्यावी असे ठरविले. तीन वर्षेच हा दिलासा टिकला. डिसेंबर २००२ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय फिरविला. त्या पीठाचा युक्तिवाद थोडक्यात असा: मालगाडीची व्याख्याच ‘केवळ’ मालासाठी आहे, जेथे माणूस नेणेच कायद्याला अभिप्रेत नाही, तेथे त्याच्या विम्याची सक्ती कशी असेल? जानेवारी २००४ मध्ये पुन्हा त्याच विषयावर निर्णय देताना न्यायालयाने १९९४ च्या दुरुस्तीनेही असा फुकट्या प्रवासी संरक्षित होत नाही, असे म्हटले. मात्र मधल्या काळात कायद्याविषयी असलेला गोंधळ लक्षात घेऊन त्या प्रकरणात कंपनीने आधी पैसे द्यावेत व मग गाडीच्या मालकाकडून वसूल करावेत, असा मार्ग काढला. २००७ मध्ये तर असेही ठरले, की मालाचा मालकही चालकाच्या केबिनमध्ये बसलेला असला पाहिजे. मालावर बसला, तर त्याला हे संरक्षण नाही.

कायद्याच्या दृष्टीने या युक्तिवादात दोष काढणे कठीण आहे. विमा हा करार आहे. ज्या जोखमीचा हप्ता घेतला नाही, तिची भरपाई कंपनीने का द्यावी? ट्रकमध्ये माणसे भरणे धोक्याचे आहे, त्याला उत्तेजन मिळू नये, हेही खरे. परंतु ज्याला दुसरे वाहनच परवडत नाही, त्याच्या वाट्याला यातून काय आले, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

५

दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्राप्रमाणेच आपल्या बेळगाव-बागलकोट भागातील साखर कारखान्यांवरही त्या येतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली ‘उचल’ फेडण्यासाठी सारा हंगाम उसाच्या फडात. त्या ट्रकमध्ये काय असते, हे ज्याने पाहिले आहे त्याला वेगळे सांगण्याची गरज नाही: तट्ट्याच्या झोपडीचे सामान, भांडी, शेळ्या, कधी बैल, आणि त्यांच्या मध्ये बसलेली लहान मुले. वंजारी तांड्याचे हेच आजचे रूप. त्यांतील अनेक कुटुंबे त्याच समाजाची आहेत, हा योगायोग नव्हे. तो इतिहास आहे.

असा ट्रक उलटला तर विम्याच्या कागदावर ही माणसे कोण? उतारू नव्हेत, कारण गाडी मालाची आहे. मालाचे मालक म्हणावे, तर स्वतःच्या भांड्याकुंड्यांना ‘माल’ मानावयाचे काय, हा वाद. आणि बसलेले तर हौद्यात. गाडीमालकाचे नोकर म्हणावे, तर मालवाहू गाडीतून नेल्या जाणाऱ्या नोकरांसाठी कामगार भरपाईविषयक कायद्याच्या मर्यादेत विमा असतो; पण हे मजूर गाडीमालकाचे की मुकादमाचे की कारखान्याचे? प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. ज्याच्याजवळ वकील नाही, तो या तीन दारांपैकी कोणतेही दार ठोठावण्याआधीच थकून जातो.

आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म येथे आहे. कायद्याने जग दोन भागांत वाटले: घर आणि वाहन, माणूस आणि माल. बहुसंख्य लोकांचे जीवन या वाटणीत नीट बसते. ज्यांचे घर हेच वाहन आणि ज्यांचा माल हाच संसार, ते मात्र दोन्ही रकान्यांच्या मधल्या रेघेवर राहतात.

यावर एक निराळा उपाय पंढरीच्या वाटेवर निघाला आहे. आषाढी वारीत दिंडीमागून चालणारे ट्रक आपण सर्वांनी पाहिले आहेत. राहुट्या, शिधा, वळकट्या आणि थकलेली म्हातारी माणसे त्यांत असतात. महाराष्ट्र शासनाने जून २०२३ मध्ये ‘विठ्ठल-रुखमाई वारकरी विमाछत्र योजना’ जाहीर केली. वारीच्या ३० दिवसांत वारकऱ्याचा मृत्यू ओढवल्यास वारसांना ५ लाख रुपये, कायमचे अपंगत्व आल्यास १ लाख, आणि औषधोपचारासाठी ३५ हजारांपर्यंत खर्च, असे तिचे स्वरूप होते. यातील रकमेपेक्षा तत्त्व महत्त्वाचे आहे. येथे वाहन कोणते, माणूस केबिनमध्ये होता की हौद्यात, हे प्रश्नच उरले नाहीत. विमा वारकऱ्याचा झाला; गाडीचा नव्हे. सराफांच्या काळापासून मालाभोवती फिरणारा विमा येथे चालत्या माणसाच्या पाठीवर बसला.

६

आता आमच्या आप्तांच्या चिरंजिवांकडे वळू. त्यांची अडचण ऊसतोड मजुराइतकी गंभीर नाही, आणि तिचे उत्तरही कायद्यात आहे. ते फक्त योग्य क्रमाने शोधावे लागते.

केंद्र शासनाच्या ५ नोव्हेंबर २००४ च्या अधिसूचनेत वाहनांचे जे वर्गीकरण दिले आहे, त्यात कॅम्पर व्हॅन दोन्ही याद्यांत आढळते. भाड्याने वा धंद्यासाठी वापरली, तर ती परिवहन वाहन. खासगी वापरासाठी असेल, तर बिगर-परिवहन. म्हणजे निवासी वाहनाला कायद्याने नाव दिलेले आहे. मात्र ते नाव विमा कंपनी देत नाही. ते नोंदणी-पुस्तकातून यावे लागते. चिरंजिवांची चूक ही, की त्यांनी आधी खोली बांधली, मग विमा मागितला आणि नोंदणीचा विचार शेवटी केला. क्रम नेमका उलटा हवा होता.

मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनाच्या मूळ रचनेत मनाजोगता बदल करण्यास मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाने ठरविलेल्या मूळ वैशिष्ट्यांना छेद देणारे बदल नोंदवता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. म्हणून ट्रकच्या सांगाड्यावर निवासी खोली चढवावयाची असेल, तर ती मान्यताप्राप्त नमुन्यानुसार व परिवहन कार्यालयाच्या मंजुरीनेच चढवावी लागते. अशा वाहनांसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे आणि ही मानके प्रसिद्ध करणारी ‘आराय’ ही संस्था आपल्या पुण्यातलीच. आसने किती, झोपण्याच्या जागा किती, आगीपासून बचाव कसा, या गोष्टी एकदा कागदावर ठरल्या, की ‘आतली माणसे कोण’ हा प्रश्नच मिटतो: ती त्या गाडीतील मान्य प्रवासी होतात.

त्यानंतर विम्याचा कागद. येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, केवळ सक्तीचा तिऱ्हाईत विमा घेऊन भागत नाही. खासगी गाडीत फुकट बसलेल्या आप्तांना त्याचे संरक्षण नाही, असे न्यायालयांनी म्हटले आहे. सर्वंकष, म्हणजे पॅकेज, विम्यात मात्र गाडीतील माणसांची जबाबदारी येते. विमा नियामकाने २००९ मध्ये तसे कंपन्यांना बजावले आहे. गाडी स्वतः चालविणाऱ्या मालकासाठी १५ लाखांचा व्यक्तिगत अपघात विमा २०१८ पासून निराळा आहे. दुसरी, खोलीतील बसविलेल्या वस्तूंची किंमत आधीच जाहीर करावी. १८६५ च्या कायद्यातील जरीच्या कापडाचा धडा येथेही लागू आहे. न सांगितलेल्या वस्तूची भरपाई मागता येत नाही, आणि कपडे, कॅमेरे, दागिने यांना तर गाडीचा विमा लागूच नसतो. तिसरी, खासगी म्हणून नोंदलेली गाडी सुट्टीत मित्राला भाड्याने दिली, तर वापराची अट मोडते आणि संकटाच्या वेळी तोच मुद्दा पुढे येतो.

आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत आहेत. तेथे उघड्या पिकअप ट्रकच्या हौद्यात उचलून ठेवावयाची निवासी खोली सर्रास मिळते. कित्येक राज्ये तिला स्वतंत्र वाहन न मानता गाडीवरील बोजा मानतात. रस्त्यावरील जबाबदारी ट्रकच्या विम्यात येते, पण खोली स्वतः जळाली वा मोडली, तर तिचे नाव विम्यात वेगळे लिहिलेले असावे लागते. म्हणजे समृद्ध देशातही विंचवाच्या पाठीवरील बिऱ्हाडाचा प्रश्न रकान्यांचाच आहे. फरक इतकाच, की तेथे त्याची उत्तरे आधी छापलेली असतात. आपल्याकडेही आता ती वाट मोकळी होत आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, केरळनेही त्याच वर्षी. हौशी प्रवाशांसाठी कायदा वेगाने हलतो, हे पाहून आनंद होतो. थोडे अंतर्मुखही व्हावेसे वाटते.

७

कारण त्याच रस्त्यावर ऊसतोडीचा ट्रकही धावत असतो. १५ जानेवारी २०२१ रोजी, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, धारवाडजवळ इटिगट्टीपाशी गोव्याकडे निघालेल्या दावणगेऱ्याच्या मैत्रिणींच्या मिनीबसला झालेला अपघात आपण विसरलेलो नाही. आपल्या गावांच्या बाह्यवळणावरचा हा रस्ता कोणाचेही नाव न विचारता घाव घालतो. फरक पडतो तो नंतर. प्रवासी वाहनातील माणसाच्या कुटुंबाला दाद मागण्यासाठी कायद्याने एक दार उघडे ठेवले आहे. मालाच्या हौद्यातील माणसाच्या कुटुंबाला ते दार आहे की भिंत, हे वर्षानुवर्षे कळत नाही.

चिरंजिवांना आम्ही परिवहन कार्यालयाची वाट दाखविली. खोली उतरवावी लागली तरी चालेल, पण आधी गाडीला तिचे खरे नाव मिळवून द्या, असे सांगितले. ते थोडे हिरमुसले, मग म्हणाले, “काका, म्हणजे विमा काढायच्या आधी आपण कोण, ते ठरवायला हवं.”

उत्तर अगदी योग्य होते. आपण कोण, हे ज्याला कागदावर सांगता येते, त्याच्यासाठी विमा आहे. ज्याच्याबद्दल कोणीच ते सांगत नाही, त्याच्यासाठी बोलण्याची जबाबदारी इतरांवर येते. आपण स्थिरावलेले लोक आहोत. आपल्या पूर्वजांची बिऱ्हाडे कधीच पाठीवरून उतरली आणि त्यांची घरे झाली. पुढच्या हंगामात साखर कारखान्याच्या वाटेने जाताना हौद्यात बसलेली मुले दिसली, तर त्यांना कोणत्या रकान्यात जागा आहे, हा प्रश्न आपण कारखान्याच्या सभासदांना, आपल्या लोकप्रतिनिधींना विचारू शकतो. वारकऱ्यासाठी जे झाले, ते कोयत्यासाठी का होऊ नये, एवढाच तो प्रश्न आहे. ज्यांची पाठ एके काळी त्याच ओझ्याखाली होती, त्यांनी तो विचारला तर अधिक शोभेल.